डोक्यातलं मुठेल

म्हाताऱ्याने पोटच्या मुलाला पोस्टमन समजून फाटकाबाहेर उभं केलं, तरी गंगाआजी डगमगली नाही. उलट शेजारपाजारी सांगत सुटली, "मला मात्र बरोब्बर ओळखतात हो!" तेवढ्या एका गोष्टीवर तिची मान ताठ होती.

म्हातारा महिपत, तिचा नवरा, दिवसभर पडवीतून फाटकापर्यंत आणि फाटकापासून पडवीत फेऱ्या घाली. मिरजोळ्यातल्या कारखान्याचा भोंगा झाला की अजून नोकरीत असल्यासारखा ड्युटीला निघे. मागून गंगाआजी. सुनेला, विमलला, ती त्याच्या ताटाला हात लावू देत नसे. "तुझ्या हातचं उतरत नाही त्यांच्या घशाखाली."

मे महिन्यात विमलची मुलगी निशिगंधा पुण्याहून आली. तिथल्या प्रयोगशाळेत ती मेंदूवर काम करायची. आजी अंगणात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, वाळल्या बिया फोडत बसली होती. या बिया कुटून उकळल्या की तेल वर येतं. गार झालं की ते थिजतं, तेव्हा कोमट असतानाच मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून ते मुठेल. आजीचं मुठेल आळीत नावाजलेलं.

"काय गो, त्या मेंदूत बघता तरी काय?"

"चरबी, आजी."

"ती तर खाटकाकडे पण दिसते. त्यासाठी पुण्याला कशाला जायला हवं?"

निशिगंधा हसली. "अगं, पाणी सोडलं तर मेंदूत निम्म्याहून जास्त चरबीच असते. आणि तिथल्या पेशी ती एकमेकींना देतात. निरोप पोचवणारी पेशी दमली की तिच्यातली चरबी खवट होते. बाजूच्या पेशी ती काढून घेतात, साठवतात, जाळून टाकतात. वर चांगली चरबी तिला देतात. आजोबांच्या विसरण्याच्या आजारात ही देवघेव बिघडत असावी."

आजीच्या कानात शिरलं ते एवढंच, की म्हाताऱ्याच्या डोक्यातली चरबी खवटली आहे. मग घरात ताजं मुठेल असताना डॉक्टर हवाय कशाला?

भातावर मुठेल, पेजेत मुठेल, चहात मुठेल. टाळूवर तर इतकं थापलं की माश्या घोंगावू लागल्या. दोन दिवस म्हाताऱ्याने सोसलं. मग दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं, आणि आजी वाटी घेऊन येताना दिसली की न्हाणीघरात शिरून दार धरून उभा राहायला लागला. आतून ओरडायचा, "ह्या बाईला हाकला! मला मेण चारते!"

ह्या बाईला. गंगाआजीने वाटी न्हाणीघराच्या दाराशीच खाली ठेवली.

निशिगंधाला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "आजी, पोटातली चरबी तशी मेंदूत जात नाही गं. मध्ये कुंपण असतं. मेंदू त्याला लागणारी चरबी बरीचशी स्वतःच करतो."

"मग हे आधी सांगायला जीभ झडली होती?"

"सांगत होते. तू निम्म्यातच उठलीस."

आजीच्या पायाचा अंगठा जमीन उकरत राहिला. "मग त्या दमलेल्या पेशीने करायचं काय?"

"खवटलेलं बाजूचीला द्यायचं. सगळं स्वतःपाशीच धरलं तर त्यानेच ती मरते."

"बाजूचीला जमतं का ते नीट?"

"ते तिचं कामच आहे, आजी."

"असेल. पण पहिलीला द्यायचंय का, हे कुणी विचारलं तिला?"



दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या चुलीवर तेल वर आलं होतं. आजी उठली तर ते थिजणार. म्हातारा सकाळपासून उपाशी, फेऱ्या चालूच. विमल पेजेची वाटी घेऊन दारात आली. "आई, मी बघू का?"

"बघ. अंगावर थुंकले तर माझ्याकडे येऊ नकोस."

आजी गोळे दाबत राहिली, पण कान पडवीत होते. पावलं थांबली. चमचा वाटीवर वाजला. पुन्हा वाजला. मग म्हाताऱ्याचा निवांत आवाज आला, "गंगे, मीठ कमी पडलं गो."

गंगाआजी तेलकट हातांनीच उठली. पडवीत म्हातारा विमलचा हात धरून बसला होता. त्याने आजीकडे पाहिलं, नवख्या माणसाकडे पाहावं तसं. "कोण हवंय आपल्याला?"

विमलचा चेहरा उतरला. "आई, मी सांगते त्यांना, की मी गंगा नाही..."

"काय सांगशील? दोन घास पोटात जातायत, ते बाहेर काढशील?" आजीचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "ऊठ, गंगे. मीठ मागतायत ते."

विमल चटकन आत गेली. म्हातारा रिकामा चमचा चाटत बसला. गंगाआजीला वाटलं, जवळ जाऊन बसावं. वाटलं, जाऊ नये, उठून पळतील. मागे चुलीपाशी काढून ठेवलेलं तेल थिजत होतं, तिकडेही पाय वळेना. ती उंबऱ्यावर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहिली.