टॉवेलांचे दोन गठ्ठे

माझी लेक कादंबऱ्या लिहिते. बड्या लोकांची अशी टर उडवते की हसून हसून पोट दुखावं. त्याच बड्या बायका माझ्या पार्लरमध्ये केस धुवायला मान मागे टाकून तिचं कौतुक करतात. प्रत्येकीला वाटतं, पुस्तकातली ती नकटी बया म्हणजे आपली शेजारीण. मी गप्प राहून केस धुते, पण आतून फुगलेली असते.

एकच गोष्ट सलायची. तिच्या पहिल्या पुस्तकात एक पार्लरवाली आहे, ती येता-जाता डोळे पुसते. मी आणि रडणार? हुज्जत घालणारीला अर्ध्या कापलेल्या केसांनिशी बसवून खुशाल चहा पिणारी बाई मी!

एके दिवशी ती नव्या कादंबरीचं एक प्रकरण घेऊन आली. चेहरा उतरलेला.

"आई, उद्या हे छपाईला द्यायचंय. छापू की नको, तूच सांग."

वाचलं. यातली पार्लरवाली टॉवेलांचे दोन गठ्ठे ठेवते. गाडीतून येणारीला मऊ, पायी येणारीला विरलेला. वर मानभावीपणे म्हणते, "हा पाणी छान टिपतो हो!" वाक्य माझंच, शब्दन् शब्द. माझे कान तापले.

"लागलं ना तुला? काढून टाकते."

"खबरदार! बड्या बायकांची टर उडवायची आणि माझी नुसती कीव करायची? म्हणजे गठ्ठे तुझ्याकडेही दोनच की गं."

ती पोट धरून हसली आणि कागद पिशवीत टाकून निघाली.

प्रकाशनाच्या दिवशी तिने तेच प्रकरण वाचलं. टॉवेल आला आणि सगळं सभागृह खिदळलं. पहिल्या रांगेतून माझीच एक गाडीवाली विचारते, "अशी बाई खरंच असते का हो?"

लेक अडखळली. "नाही, म्हणजे... काल्पनिक आहे."

मी उठून उभी राहिले. "कसली काल्पनिक? ती मीच! लेक माझी आहे, ती कुणाला सोडत नाही."

टाळ्या तिला पडल्या की मला, कोण जाणे. माझा ऊर मात्र भरून आला.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गठ्ठे एकमेकांत मिसळले. तीच गाडीवाली पहिली आली. हाताला विरलेला टॉवेल लागला, तोच तिच्या डोक्याला गुंडाळला.

"हा पाणी छान टिपतो हो," मी म्हटलं.