रिंगीचा साज

आमच्याकडचा बर्नी जातीचा थोराड डोंगरी कुत्रा सात-आठ वर्षं जगतो. त्यातली दोन त्याला गाडी ओढायला शिकवण्यात जातात. अशी पाच कुत्री मी शिकवली आणि पाचही घरामागच्या सफरचंदाखाली पुरली. शेवटचा रिंगी. मार्चमध्ये त्याला पुरल्यावर मी सांगून टाकलं, आता पुरे, दमलो मी. पण माझी बायको हानी ऐकते थोडीच! शेजारच्या बेंडिख्तकडे पिल्लं होतात, त्याच्याकडून ती दीड वर्षाची फ्लोरा घेऊन आली.

कापडी पट्टा लावून ओंडका ओढायला दिला की फ्लोरा खूश. दुधाच्या जुन्या गाडीला, रिंगीच्या कातडी साजात जुंपली की मात्र दहा पावलं चालायची आणि बसायची. महिनाभर हेच. मला तिचा रागही येईनासा झाला. उलट कधीकधी तिचा हेवाच वाटायचा.

बेंडिख्तनं सांगून ठेवलं होतं की बर्न शहरात एकांना घरात लोळायला कुत्री हवी आहे. रविवारी चीजवाल्याच्या अंगणातून सगळ्यांच्या कुत्रागाड्या फेरीला निघतात, तिथंही बसली तर तो तिला परत नेणार.

रविवारी मी नेहमीसारखा सगळ्यांच्या कुत्र्यांचे पट्टे तपासत फिरलो. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तिसरं नाही, हा माझाच नियम. मग फ्लोराला जुंपली. तीस वर्षांची सवय, त्यामुळे बकलाकडे बघावं लागत नाही.

दहाव्या पावलाला ती बसली.

"तुम्ही दोघं बसलेलेच बरे दिसता," बेंडिख्त म्हणाला आणि त्यानं खिशातून दोरी काढली. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

हानी मात्र गुडघे टेकून फ्लोराजवळ बसली. तिनं छातीच्या पट्ट्याखाली बोटं घातली, तर अख्खी मूठ आत गेली.

"क्रिश्टेन, हा साज तू कुणाला घातलायस?"

मी वाकून पाहिलं. बकल रिंगीच्या मापाच्या भोकात होतं, सहा वर्षांत लांबट झालेल्या. सैल पट्टा खाली सरकून खांद्यावर घासत होता. तिथले केस गेले होते आणि कातडी लाल झाली होती. महिनाभर पोरीनं हूं की चूं केलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं, तर मी त्याला सगळ्यांदेखत झापलं असतं. मी रोज मेलेल्या रिंगीलाच जुंपत होतो.

मी साज सोडला. "दोरी ठेव खिशात," बेंडिख्तला म्हणालो. "जखम भरू दे. मग तिच्या मापाचा साज शिवून घेतो."

"दमलोय म्हणत होतास ना?" त्यानं विचारलं.

"दमलोयच."

रिकामी गाडी मीच ओढत घरी निघालो. फ्लोरा मोकळी, शेजारून चालत होती. आमच्या घराच्या चढावर माझा दम संपला आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. ती माझ्याजवळ येऊन बसली. मी उठेपर्यंत तीही उठली नाही.