शिष्यवृत्तीच्या खिडकीबाहेरचे स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे, मित्रांनो. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत जिन्याखाली रंगाचे रिकामे डबे रचून ठेवले आहेत, त्यांच्या आडोशाला सध्या माझा मुक्काम असतो. जिन्यावरून पावले जातात, येतात. मी ती ऐकत राहते.

मला कोणी हौसेने घडवले नाही. वाचनालयाचा मोठा दरवाजा बदलला, तेव्हा थोडे चांगले लाकूड उरले. ते फेकून देणे सुताराच्या जिवावर आले. त्याने माझे चार पाय जोडले, स्वतः माझ्यावर बसून डावीउजवीकडे झुलून पाहिले आणि म्हणाला, ''पाठ नाही, हात नाहीत, पण हे कुणाला पाडणार नाही.'' माझ्याविषयी पुढे पुष्कळांनी पुष्कळ म्हटले, पण ते पहिले बोल मी अजून जपून ठेवले आहेत.

मला शिष्यवृत्ती विभागात पाठवले. तेथे उंच फडताळावरच्या फायली काढताना लोक माझ्यावर चढत. कितीतरी काळ मला माणसांचे फक्त तळवे ठाऊक होते.

नव्या प्रवेशांचे दिवस आले, की विभागाच्या खिडकीबाहेर मुलांची आणि त्यांच्या पालकांची रांग लागे. खिडकीची काच जाड होती, म्हणून आतून प्रश्न मोठ्याने विचारावे लागत. ''गुण किती?'' या प्रश्नाला मुले मान ताठ करून उत्तर देत. ''घरचं उत्पन्न किती?'' या प्रश्नाला मात्र तीच मुले इतक्या हळू बोलत, की तो पुन्हा पुन्हा विचारावा लागे, आणि मागची सारी रांग कान टवकारून ऐके. मी आतल्या बाजूला उभे असे. मला वाईट वाटे, पण स्टुलाला वाईट वाटून काय होणार?

मग आमच्या विभागात ताई आल्या. अंगाने किरकोळ, चष्म्याला दोरी, बोलणे मोजके. एके दिवशी खिडकीपलीकडच्या मुलाला उत्पन्न विचारता विचारता त्या मध्येच थांबल्या. उठल्या, मला उचलले आणि दार उघडून सरळ बाहेर गेल्या.

''अहो ताई, मग खिडकी कशाला केलीय?'' मोठे साहेब म्हणाले.

''हवा यायला, साहेब.''

त्या दिवसापासून विभागाची ती रीतच पडली. गुणांचे बोलणे खिडकीत, पैशांचे बाहेर, जिन्याजवळ. मुले आणि पालक पायरीवर बसत, आणि ताई त्यांच्यासमोर माझ्यावर. मी ठेंगणे असल्यामुळे त्यांची मान नेहमी थोडी वर असे आणि समोरच्याची थोडी खाली. बसणाऱ्याचे वजन स्टुलाला कळते, मित्रांनो. ताईंचे वजन कधी जड झाले नाही.

एका वर्षी, निवड कळवण्याच्या शेवटच्या दिवशी, एक किल्ल्या बनवणारा आपल्या मुलीला आणि थोरल्या बहिणीला घेऊन आला. मुलीला दोन्ही गोष्टी मंजूर झाल्या होत्या. गुणवत्ता शिष्यवृत्तीत फी माफ होई आणि सभागृहातल्या फलकावर सोनेरी अक्षरांत नाव रंगवले जाई. आर्थिक साहाय्यात फी माफ होईच, शिवाय वसतिगृहातली खोली आणि दोन वेळचे जेवण मिळे. फलक मात्र त्याला नव्हता. नियमाने दोहोंपैकी एकच घेता येई, आणि एकदा सही केली की बदल नसे.

''फलकवाली द्या,'' किल्लीवाला पायरीवर टेकायच्या आधीच म्हणाला. ''अख्ख्या बाजाराला सांगून बसलोय मी.''

''घरी सांगायच्या आधी बाजाराला सांगितलंस,'' मुलीची आत्या म्हणाली. ''मला भाजीवालीकडून कळलं.''

''आक्का, तू गप गं जरा. ताई, साहाय्य नको. उद्या वर्गातली पोरं म्हणतील, गरिबाची म्हणून घेतली हिला.''

ताई आवाज न चढवता म्हणाल्या, ''साहाय्यालाही गुण बघतात, दादा. तिथं जागा उलट कमी आहेत. त्या यादीतही तुमची लेक वरच आहे.''

''मग त्याचा फलक का लावत नाहीत?''

''ते मीही दर वर्षी विचारते.''

किल्लीवाला पायरीवर टेकला. ताईंनी पुढे विचारले, ''घरून कशी येणार ही?''

''पहाटेची पहिली बस आहे ना.''

''आणि परत? प्रयोगशाळा सुटेपर्यंत शेवटची बस निघून जाते.''

''बघू काहीतरी.''

''हे 'बघू' मी तुझ्या लग्नाआधीपासून ऐकतेय,'' आत्या म्हणाली. ''घराचं छप्पर अजून 'बघू'तच आहे.''

मुलगी आळीपाळीने बापाच्या चेहऱ्याकडे आणि आपल्या चपलांकडे बघत होती. मला वाटले, ही आता मान हलवेल, फलकवालीवर सही करेल आणि वर्ष संपण्याआधी विद्यापीठ सोडून घरी बसेल. अशा चपला मी पाहिल्या होत्या.

तेव्हा ताई माझ्यावरून उठल्या. ''सही हिची आहे,'' त्या म्हणाल्या. ''ये गं, तू बस इथे.''

ती बसली. तिच्या पायांची थरथर माझ्या चारही पायांत उतरली. मी जमिनीला घट्ट धरून राहिले. मला तेवढेच येते. हळूहळू थरथर निवली.

''बाबा,'' ती म्हणाली, ''फलकावर माझं नाव राहील. पण मी कुठे राहू?''

किल्लीवाला मुठीतला किल्ल्यांचा जुडगा उगाच फिरवत राहिला. त्याची मान खाली होती.

''लोकांना काय सांगू मी?'' अखेर तो म्हणाला.

''सांग,'' आत्या म्हणाली, ''पोरगी एवढी हुशार निघाली की दोन्ही मिळालं, आणि एवढी शहाणी की त्यातलं कामाचं घेतलं. बापावर नाही गेली, हेही सांग.''

तो हसला नाही, पण त्याने जुडगा खिशात टाकला. मुलगी खाली गुडघ्यांवर बसली आणि तिने साहाय्याचा कागद माझ्यावर ठेवला. जिन्यातल्या वाऱ्याने कागद उडू लागला, तेव्हा किल्लीवाल्याने आपला काळवंडलेला पंजा त्याच्या कडेवर दाबून धरला.

''सही सावकाश कर,'' तो म्हणाला. ''घाई नाही.''

मित्रांनो, त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मला सांगता येणार नाही. स्टुलाजवळून सगळे पुढेच जातात, आणि जावे. त्या दिवशी ती बसच्या थांब्याकडे वळली नाही, वसतिगृहाच्या दिशेने गेली, एवढे मात्र मी पाहिले.

ताई आता निवृत्त झाल्या आहेत. विभागात चकचकीत खुर्च्या आल्या, जमिनीला स्क्रूने पक्क्या बसवलेल्या. त्या कोणाला उचलून बाहेर नेता येत नाहीत. माझा एक पाय खिळखिळा झाला, म्हणून मला येथे आणून ठेवले. प्रवेशांच्या दिवसांत काचेपलीकडून मोठ्याने विचारलेला प्रश्न या जिन्याखालीही ऐकू येतो. उत्तर ऐकू येत नाही.

तुमच्यापैकी कोणी उद्या शिकून त्या खिडकीच्या आत बसेल. तुम्हाला एकच विनंती आहे. एखाद्या सुताराकडून माझा हा पाय नीट बसवून घ्या, मला उचला आणि खिडकीच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. आणि मग तुम्हीही बाहेर या.