दोन विटांमधला चुना

मित्रांनो, मी अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचा एक जुना फ्रेंच किल्ला आहे. तीनशे वर्षांपूर्वी फ्रेंचांनी कालवांचे शिंपले भाजून चुना केला, त्यात विटा बसवल्या आणि मला समुद्राकडे तोंड करून उभे केले. माझ्यावर चार देशांचे झेंडे फडकले. मग तोफा गप्प झाल्या, गवत माजले. पुढे कोणीतरी ते कापून तिकीटखिडकी लावली. आता माणसे तोफेवर बसून फोटो काढतात आणि आइस्क्रीम खायला जातात.

माझे बरे चालले होते. गेल्या ऑक्टोबरात दूरच्या अ‍ॅशबर्न गावाहून एक मराठी कुटुंब आले, आणि हेवा म्हणजे काय ते मला कळले.

"एवढासाच? ना चढ, ना बुरूज!" परीक्षित म्हणाला.

"बाबा, आपला बॅकयार्डमधला बेटर आहे," त्याची मुलगी इला म्हणाली.

दिवाळीत ही मंडळी अंगणात मातीचा किल्ला करतात, हे मला त्यांच्या बोलण्यातून समजले. उंची गुडघ्याएवढी. त्यावर अळीव पेरायचे, मावळे मांडायचे, पणत्या लावायच्या. दिवाळी सरली की तो पावसात विरघळतो. चार दिवसांचे आयुष्य, आणि त्याचे एवढे कौतुक! मी आतल्या आत जळत राहिलो.

एवढ्यात इलाची आई नीलांबरी माझ्या भिंतीशी वाकली. "प्रत्येक गडावरून आपण चिमूटभर माती नेतो ना? इथलीही नेऊ, आपल्या किल्ल्यात मिसळू."

खाली तर सगळे काँक्रीट. म्हणून तिने गाडीच्या किल्लीने दोन विटांमधल्या चुन्याचा भुगा कोरला.

म्हणजे माझेच अंग त्या लाडक्या मातीच्या किल्ल्याला! पण रागापेक्षा भीती मोठी होती. खारे पाणी माझ्यात मुरते आणि सुकते. मागे उरलेले मिठाचे स्फटिक चुना आतून फोडत राहतात. उरलेल्या चुन्यावरच वरची वीट टेकली होती. ती हलली.

"आई, स्टॉप! इट्स फॉलिंग!"

"अगं बाई!" नीलांबरीने दोन्ही हातांनी वीट धरली. परीक्षित गाइडला बोलवायला धावला. इलाने भुगा परत फटीत दाबून पाहिला. तो राहीना.

"सॉरी, फोर्ट," ती पुटपुटली. "या वर्षी आम्ही तुलाच बनवू. समुद्रपण करू. मग बरोबर जमलाय का, ते बघायला परत येऊ."

"समुद्र कशाचा गं?" नीलांबरीने वीट न सोडता विचारले.

"ब्लू टार्प, आई! गॅरेजमधली."

"घ्या! ताडपत्रीचा समुद्र!"

नंतर गवंड्याने ताजा चुना भरला. मी सावरलो, पण हेवा गेला नाही. अ‍ॅशबर्नच्या अंगणातल्या त्या मातीच्या माझ्या तटावर पणत्या लागल्या असतील. माझ्या दाराला संध्याकाळी कुलूप लागते.

मित्रांनो, माझा आकार न्या, तोफा न्या, समुद्रसुद्धा न्या. चुना तेवढा राहू द्या. आपला किल्ला बरोबर जमला का, ते ताडून पाहायला इला पुन्हा येणार आहे. तोवर मला उभे राहायचे आहे.