रोज दोन पानं

कागद बाकी सगळीकडे सारख्याच जाडीचा होता; फक्त तारखेच्या जागी घासून घासून इतका पातळ झाला होता की त्यातून कपाटाच्या दाराचा हिरवा रंग दिसायचा. ‘प्रबंध पूर्ण करणे’ हे शाईत. तारीख पेन्सिलीत... दर वर्षी खोडलेली, पुढे सरकवलेली. नऊ वेळा. या आठवड्यात दहाव्यांदा सरकवायची होती. तिनं ओढणीला पिन लावली आणि कामावर निघाली.

अण्णांनीच शिकवलं होतं हे. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, मुलीलाही तसंच शिकवलं — “मनातल्या मनात ठरवलेलं वाऱ्यावर जातं. लिहून काढ. मोजता येईल असं लिही, तारीख घाल, रोज दिसेल तिथं चिकटव.” तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि पाण्याच्या नळांत गंज कसा चढत जातो, याचं तिला खरोखर कुतूहल होतं. होतं ना? होतं. ते संपलं कधी, याची नोंद मात्र कुठंच नाही.

प्रयोगशाळेत सकाळपासून पाण्याचे बावीस नमुने. अकराव्याला तिच्या हातून सात पूर्णांक दोनच्या जागी सात पूर्णांक आठ लिहिलं गेलं. इथं खोडरबर चालत नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. तिनं तसं केलं.

शेजारच्या टेबलावरून मावशींनी — निवृत्तीला आलेल्या, सगळ्या प्रयोगशाळेच्या मावशी — चष्म्यावरून पाहिलं. “काय गं डॉक्टरीणबाई, आज सूर्य कुठून उगवला? तू आणि चूक?”

“झोप नाही झाली.”

“लिहीत बसली असशील. अगं, आटप आता. मी इथं असेपर्यंत हो डॉक्टर, नाहीतर मला काठी टेकत यावं लागेल तुझं कौतुक करायला.”

ती हसली. हसायला हल्ली फार कष्ट पडतात.

पुढचा नमुना काचनळीत ओतताना तिच्या डोक्यात आलं: एकाही नमुन्याचा आकडा मी कधी मनानं लिहिलेला नाही. एकाही. आणि घरी... रोज संध्याकाळी अण्णा विचारतात, “आज किती पानं?” आणि मी म्हणते, “दोन.” चार वर्षं झाली. दोन गुणिले तीनशे पासष्ट गुणिले चार — हा गुणाकार तिनं आज पहिल्यांदा केला, हातातली काचनळी तशीच धरून. जवळजवळ तीन हजार पानं. ...आणि अण्णांना तर पाढे झोपेतही येतात. त्यांनी एकदाही केला नसेल?

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, आतल्या खोलीत गेली, कपाटावरचा कागद सोडवला. पर्समधलं पेन काढलं. ‘प्रबंध पूर्ण करणे’ यावर एकच रेघ. खालचं वाचता येत होतं. शेजारी सही, आजची तारीख — शाईत. शीण काही उतरला नाही. पण दिवसभर त्याला नाव नव्हतं, ते आता होतं.

“आलीस का गं?” बाहेरून अण्णा. वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज. “आज किती पानं?”

कागद हातात घेऊन ती दारात उभी राहिली. जिभेवर ‘दोन’ सवयीनं येऊन थांबलं होतं.

“एकही नाही, अण्णा. चार वर्षांत एकही नाही... आणि यापुढंही मी लिहिणार नाहीये.”