शिजवलेली घोंगडी

शी! अजून नाकातनं तो वास जात न्हाई बघा. माझा जलम मेंढरांत गेला, आटपाडीच्या माळावर. लेंड्या, गोचिडं, मेलेली कोकरं, समदं या हातानं काढलंय, कवा किळस आली न्हाई. पर त्या दिवशी कराडच्या कॉलेजात जे बघितलं, त्याची आली.

माझा पोरगा अर्जुना तितं शिकत हुता. एमेस्सी झाला आन घोरपडे सराच्या हाताखाली कसला तरी शोध लावायला लागला. सरानं शब्द टाकला तर तितंच मास्तर म्हणून चिकटणार हुता. समदं त्या सराच्या हातात. घरी आला की मला समजावून सांगायचा, "आये, लोकर म्हंजी बारक्या मण्यांची माळ. ॲसिडात शिजवली की मणी सुटत्यात. आन साबणाच्या कणाला एक डोकं असतं, एक शेपूट. डोक्याला पाणी लागतं, शेपटीला सोसत न्हाई. पाण्यात साबण वाढला की ते कण शेपट्या आत घालून गोळा करत्यात. त्यात लोकरीचे मणी टाकले तर गोळा लवकर हुतो का उशिरा, ते आमी बघतोय."

म्या म्हणलं, "आपली मेंढरं उन्हात डोकी आत घालून गोळा करत्यात. तुज्या साबणाचं उलटंच हाय की रं!" लय हसला. मलाबी बरं वाटलं.

सराला लोकर पायजे म्हणला, म्या पोतं भरून दिली. आन वर एक घोंगडी दिली, सराला मान म्हणून. साधी न्हाई, जावळाची. बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर जी कोकरं जगली, त्यांची पयली कातरण. अशी मऊ की गालाला लावून बसावं. थोडी थोडी साठवली, टकळीवर सूत काढलं, सनगराकडनं विणून घेतली, बिरोबाच्या पायाला लावून आणली. नवऱ्यानं मागितली तर त्येलाबी दिली न्हाई. म्हणलं, पोराचं भलं करणारा माणूस हाय, थंडीत पांघरंल, नाव काढंल.

दिवाळी झाल्यावर म्हणलं, पोराला बघून यावं. भाकरी बांधल्या आन एष्टीनं कराडला गेले. त्येच्या प्रयोगाच्या खोलीच्या दारातच वास आडवा आला. जळक्या पिसांत नासकी अंडी फोडल्यावानी! काचंच्या भांड्यात काळं पाणी रटरटत हुतं. आन मला बघितल्या बघितल्या त्या सरानं खिशातनं रुमाल काढून नाकाला लावला. सारी खोली घाण मारतीया, आन रुमाल माज्यासाठनं!

"अर्जुन, आईंना जरा बाहेर बसव," म्हणतो. "मेंढरांचा वास येतोय."

अर्जुनानं माजा दंड धरला. मी निघालेच हुते, तर टेबलाखाली पांढरा काठ दिसला. वळखीचा काठ. वाकून वढला तर हातात अर्धीच घोंगडी आली, कात्रीनं सरळ कापल्याली.

"सर, ही काय वो?"

"ती होय? पोत्यातली लोकर सगळी काट्याकुट्यांची, तेलकट. धुऊन धुऊन पोरं कंटाळली. ही आयतीच स्वच्छ होती. नमुना फार सुरेख निघाला हं, बाई."

आन मला एक कुपी दावली. अर्ध्या घोंगडीची चिमूटभर पांढरी भुकटी, मिठावानी. माज्या डोळ्यादेखत त्यातली थोडी साबणाच्या पाण्यात टाकली. यंत्राचा काटा जरासा हलला. "बघा!" म्हणला. काय बघू? कपाळ? घोंगडी शिजवणाऱ्या गाढवाला काय गुळाची चव!

"कातरली कुणी?" म्या इचारलं. सर कुपीला बूच लावाय लागला.

"मी," अर्जुना म्हणला. खाली बघूनच म्हणला.

अर्धी घोंगडी काखंत मारली आन तडक स्टँड गाठला. भाकरी तितंच ऱ्हायल्या. एष्टी लागायच्या आत अर्जुना धापा टाकत आला. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"आये, सरांनी सही केली! जूनपासनं नोकरी पक्की!"

याच्यासाठी म्या देवापुढं नाक घासलं हुतं. पर पोराच्या कपड्यांस्नी तोच वास येत हुता, आन मला त्येला जवळ घेववंना. त्यानं खिशातनं साबणाची वडी काढली, गुलाबी कागदातली.

"सरांनी तुला दिलीया. वासाची हाय."

"मग तू काय म्हणलास?"

"थँक्यू म्हणलो."

मी पचकन बाजूला थुकले. काखंतली घोंगडी काढली आन त्येच्या हातात कोंबली.

"घे. त्या साबणानं धू, कातर, आन हीबी शिजव. मोठा सायेब व्हशील."

तो तसाच हुबा ऱ्हायला, एका हातात घोंगडी, एका हातात वडी. मी एष्टीत चढले. शेजारची बाई नाक मुरडून म्हणली, "आवं, कसला वो घाण वास येतोय तुमच्या लुगड्याला?"

"कॉलेजचा," म्या म्हणलं, आन पदर नाकाला लावून बसले.