शिरगावच्या वाळूत आफ्रिका

दमयंतीला पहिला संशय आला तो गाडीच्या पोटावरून.

तिचा मोठा भाऊ विश्राम बोईसरच्या एका गॅरेजात मेकॅनिक होता. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघाल्यापासून तिथे ट्रक आणि जीपगाड्यांची नुसती रीघ लागलेली. पण हल्ली विश्राम एकाच गाडीच्या नादी लागला होता. केकी सेठच्या पिवळट अँबॅसिडरच्या! केकी सेठ म्हणजे डहाणूकडचा चिकूवाडीवाला पारशी. बोलताना हात असे फेकायचा की समोरच्याने आपला चष्मा सांभाळावा.

रविवारी दादाचा डबा घेऊन दमयंती सातपाटीहून बोईसरला गेली, तर गाडीची मागची सीट गायब. तिच्या जागी पत्र्याची भलीमोठी पेटी, कडा डाग देऊन बंद केलेल्या, वर छोटंसं झाकण.

"हे काय रे दादा?"

"टाकी. प्यायच्या पाण्याची."

"इथून मुंबईपर्यंत एवढी तहान लागते सेठला?"

विश्राम हसला. हात पुसत म्हणाला, "आफ्रिकेत लागेल. हौशी लोकांची मोटारशर्यत आहे, दमे. कैरोहून निघायचं, वाळवंट ओलांडायचं आणि खार्तूम गाठायचं. गाडी बोटीने सुएझपर्यंत जाणार. सेठ चालवणार, त्याचा दोस्त नकाशा बघणार..."

"तो कोण? खलाशी?"

"दातांचा डॉक्टर. आणि गाडी चालू ठेवायला मी. म्हणजे सेठने मला नेलं तर. त्याने अजून नक्की केलेलं नाही."

"बक्षीस काय मिळतं?"

"काही नाही. पोचलो की पोचलो."

दमयंती नववीत होती. नुकतीच तिने तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा मारली होती आणि तेव्हापासून आपल्याला कोणी बनवू शकत नाही, अशी तिची खात्रीच झाली होती. पदरचे पैसे घालून, दातांच्या डॉक्टरला बरोबर घेऊन, बक्षीस नसताना वाळवंटात जाणारी माणसं? एकदम थाप! आणि दादा इतका सरळ चेहरा ठेवून थाप मारतोय म्हणजे प्रकरण गंभीरच असणार.

घरी आल्यावर तिने शेजारच्या नवसी मावशीला सगळं सांगितलं. नवसी मावशी बोंबील वाळत घालत होती. तिचे हात थांबले.

"अगो बाय, बोटीनं गाडी नेतात ती काय वाळू बघायला? गाडीच्या पोटात काय जातं न् काय येतं, ते बघ."

"म्हणजे सोनं?"

"हळू बोल गो! सोनं बोलायचं नाय. माल बोलायचं."

सोन्यावर कायदा आल्यापासून ते चोरून बोटींनी उतरवलं जाई, आणि किनाऱ्यावर सगळ्यांनाच असली स्वप्नं पडत. अनोळखी कंदील दिसला की माल, अनोळखी होडी दिसली की माल. आणि इथे तर अख्खी मोटार होती!

त्यातच केकी सेठ गाडी घेऊन किनाऱ्यावर यायला लागला. सातपाटीची हद्द संपून शिरगावची वाळू लागते, तिथे ओहोटीच्या वेळी. दमयंती आणि नवसी मावशी सुरूच्या झाडांआड लपून बघत. सेठ चांगली चालणारी गाडी मुद्दाम भुसभुशीत वाळूत घाली. ती रुतली की विश्राम फावड्याने खणे, इकडेतिकडे बघे, फळ्या आत सारी. मग गाडी निघे, फळ्या निघत, वाळू सारखी केली जाई.

"बघितलंस?" नवसी मावशी कुजबुजली. "पुरतात."

दमयंतीला भीती वाटली. दादा पकडला गेला तर? पण भीतीच्या शेजारीच, खरं सांगायचं तर, थोडी मजापण होती.

बातमी नवसी मावशीच्या तोंडून फुटली आणि त्या संध्याकाळी गाडी गेल्यावर अर्धी आळी कुदळी घेऊन वाळूत उतरली. दमयंती सगळ्यांच्या पुढे. ढीगभर खड्डे झाले. सापडलं काय, तर गंजका नांगर आणि एका पायाची चप्पल. जो तो दुसऱ्याच्या कनवटीकडे बघत होता. शेवटी सगळ्यांनी घाईघाईने खड्डे बुजवले आणि काही झालंच नाही असे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सेठ आला आणि गाडी सुसाट सोडली. बुजवलेली वाळू वरून सपाट दिसत होती, पण आत नुसतं पीठ! चारही चाकं एकदम खाली गेली आणि गाडी पोटावर बसली.

विश्रामने फळ्या घातल्या, त्याही बुडाल्या. ओहोटी संपून भरती लागली होती.

सेठ घड्याळाकडे बघत म्हणाला, "बघ डिकरा, आता खेल नाय. पाण्याच्या आधी बाहेर काढ. नाय तर कैरोला मी दुसरा मानूस घेऊन जाते."

विश्राम वाळूत आडवा पडून कोपराने चाकाखालची वाळू ओढत होता. दमयंती झाडाआडून बघत राहिली. माल लपवणारा माणूस आधी डिकी उघडतो. दादा चाकाकडे बघत होता, तापलेल्या पोराकडे बघावं तसा. म्हणजे आफ्रिका खरी होती! आणि ती तिनेच खणलेल्या खड्ड्यात बुडत होती.

ती सातपाटीकडे धावली आणि तोंडाला हात लावून हाक दिली, होडी ओढायची हाक. ही हाक आली की सातपाटीत हातातलं काम ठेवून यायचं असतं. भांडण असलं तरी यायचं. माणसं दोर आणि ओंडके घेऊन आली. गाडी बघून मात्र थबकली.

होडीचा म्होरक्या जिवल्या तांडेल पुढे होता. दमयंतीला म्हणाला, "ही काय होडी हाय? उद्या कस्टमवाले आले तर आमची नावं सांगशील?"

कोणी हलेना. पाणी मागच्या चाकापाशी आलं. दमयंती गर्दीतल्या नवसी मावशीच्या कानाशी गेली.

"मावशी, वाळूत माल नव्हता. म्हणजे तो अजून गाडीतच. आणि गाडी चालली दर्यात."

नवसी मावशीने पदर खोचला. "अरे, बघता काय! धरा दोर!"

मग काय! ओंडके खाली गेले, दोर ताणले गेले, जिवल्याने आवाज दिला आणि अँबॅसिडर कोरड्या वाळूवर सरकत आली. थांबते न थांबते तोच नवसी मावशीने टाकीचं झाकण काढून कोपरापर्यंत हात घातला, बोट चाटलं.

"पानीच हाय गो," ती म्हणाली. कोणी गेल्याची बातमी सांगावी तशी.

सेठ खो खो हसला, मग गंभीर झाला. "पण विश्राम, सहारामदी एवढी लोकं मी कुठून आनू?"

"तिथंही माणसं राहतातच की, सेठ."

सेठने घामेजलेल्या माणसांकडे पाहिलं. "ते बी खरं. उद्या फोटो काढून घे. पासपोर्टला लागेल."

दमयंती ओरडणारच होती. पण विश्राम आनंदाने उडी मारायच्या ऐवजी वाकला, मूठभर वाळू घेऊन बोटांतून सोडली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला.

"काल इथली वाळू एवढी पोकळ नव्हती," तो म्हणाला. "ही उकरली कोणी?"

जिवल्याला दोर गुंडाळायची घाई झाली. नवसी मावशीला बोंबील आठवले. दमयंतीने त्यातल्या त्यात सगळ्यात जड ओंडका निवडला आणि मान खाली घालून तो सातपाटीच्या दिशेने ढकलायला सुरुवात केली.